जबाबदारी आणि जवाबदेही : गोव्यातील पक्षांतरांचा एक अभ्यास

प्रास्ताविक

राजकारणाचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसाच्या तोंडून आज एक वाक्य हमखास ऐकू येते : 'सगळे सारखेच.' वास्कोचा दुकानदार असो, पेडण्याचा काजू बागायतदार असो किंवा डिचोलीचा ट्रकमालक असो, तिघांच्या तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी त्यांचा शेवट याच वाक्याने होतो. वर्गातील विद्यार्थीही नागरिकशास्त्राच्या तासाला हेच वाक्य उच्चारतात आणि अध्यापकाला त्यावर चटकन उत्तर सुचत नाही.

हे वाक्य रागाचे वाटते. मात्र त्याचा परिणाम उलटा होतो. उत्तर नेहमी एका विशिष्ट व्यक्तीकडून, एका विशिष्ट कृतीबद्दल मागायचे असते. सगळे सारखेच ठरले की कोणा एकाला काही विचारण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे नेत्यांना दूषण देण्यासाठी उच्चारलेले हे वाक्य प्रत्यक्षात त्यांची सुटका करते. लोकांच्या मनातील हा वैताग खरा आहे व त्याला आधारही आहे. पण तो नेमका कशाबद्दल असावा आणि कोणापुढे मांडावा, याची उकल करणे हे शिक्षणाचे काम आहे. प्रस्तुत लेखात गोव्यातील पेडणे, डिचोली आणि मुरगाव या तीन तालुक्यांच्या अलीकडच्या राजकीय अनुभवाच्या आधारे ही उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्दातला फरक

मराठीत आपण 'जबाबदारी' हा शब्द सर्रास वापरतो. अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' यांपासून तो बनला आहे. 'दार' म्हणजे बाळगणारा, धारण करणारा. जमीनदार, दुकानदार, किल्लेदार या शब्दांत तोच प्रत्यय आहे. उर्दूत मात्र या अर्थक्षेत्रात दोन निराळे शब्द रूढ आहेत. अंगावर घेतलेल्या कामाला 'जिम्मेदारी' म्हणतात आणि त्या कामाचा हिशेब देण्याला 'जवाबदेही' म्हणतात. 'जवाबदेही'तील 'देह' हा फारसी 'दादन', म्हणजे देणे, या क्रियापदापासून आला आहे. एका शब्दात धारण करणे आहे, तर दुसऱ्यात देणे आहे.

मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच 'जबाबदारी'त मिसळून गेले. 'उत्तरदायित्व' हा संस्कृत पर्याय आहे, पण तो परिपत्रकांतच राहिला, लोकांच्या बोलण्यात रुळला नाही. याचा परिणाम सार्वजनिक व्यवहारात दिसतो. 'आमदारावर मोठी जबाबदारी आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे पद आहे एवढेच सांगतो. तो उत्तर देतो की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही. एखादी दुर्घटना घडल्यावर मंत्री 'मी जबाबदारी स्वीकारतो' असे म्हणतात आणि पुढे काहीच घडत नाही, तेव्हा जिम्मेदारी मान्य झालेली असते, जवाबदेही झालेली नसते.

जवाबदेहीचे चार घटक सांगता येतील. उत्तर कोणी द्यायचे? कोणाला द्यायचे? केव्हापर्यंत द्यायचे? आणि न दिल्यास काय होणार? या चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर बाकीची तीन असूनही व्यवस्था निकामी ठरते. गोव्यातील पक्षांतरांचा इतिहास या चार प्रश्नांच्या चौकटीत पाहिला, तर लोकांच्या वैतागाचे कारण अधिक स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. विधानसभेच्या जागा ४० ठरल्या. २०२२ च्या निवडणुकीत राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजार. देशातील मोठ्या राज्यांत हा आकडा काही लाखांत जातो. गोव्यात आमदार मतदाराला नावानिशी ओळखतो, लग्नाला आणि मयताला येतो. या जवळिकीमुळे जवाबदेही अधिक पक्की व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तसे झाले नाही.

१९९० ते २००० या काळात गोव्यात मुख्यमंत्रिपदाची शपथ दहापेक्षा अधिक वेळा घेतली गेली. १९९० मध्ये चर्चिल आलेमाव यांचे सरकार जेमतेम १८ दिवस टिकले. डिसेंबर १९९० आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागू झाली. ही सर्व उलथापालथ पक्षांतरबंदी कायदा अस्तित्वात असताना झाली, हे विशेष. हरियाणात १९६७ साली एका आमदाराने अल्पकाळात अनेकदा पक्ष बदलल्यापासून 'आयाराम गयाराम' हा वाक्प्रचार देशभर रूढ झाला होता. त्यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती करून राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडण्यात आली. पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणारा किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा आमदार अपात्र ठरेल, अशी तरतूद तीत आहे.

या अनुसूचीत सुरुवातीला एक मोठी फट होती. विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले, तर ती 'फूट' मानली जाई आणि त्यांना अपात्रता लागत नसे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. मात्र दोन तृतीयांश सदस्यांच्या 'विलीनीकरणा'ची सवलत कायम राहिली. समाजवादी नेते मधू लिमये यांनी या कायद्यावर सुरुवातीलाच आक्षेप घेतला होता. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवानगी, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी सत्याग्रह करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेल्या लिमये यांचे हे निदान पुढे गोव्यातच सर्वाधिक खरे ठरले.

पेडणे : दोन वाटा

पेडणे तालुका गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून आहे. त्यात मांद्रे आणि पेडणे असे दोन विधानसभा मतदारसंघ येतात. २०१७ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेच्या काळात या दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांनी पक्ष बदलला, पण वाटा वेगळ्या होत्या. हा फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याजोगा आहे.

मांद्रेत दयानंद सोपटे यांनी काँग्रेसच्या उमेदवारीवर तत्कालीन मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांचा पराभव केला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोपटे यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. एप्रिल २०१९ मध्ये पोटनिवडणूक झाली. सोपटे नव्या पक्षाच्या चिन्हावर पुन्हा मतदारांसमोर उभे राहिले आणि निवडून आले. या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. पण मतदाराला पुन्हा विचारले गेले, हे नाकारता येत नाही. चारही प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. उत्तर आमदाराने दिले, मतदाराला दिले, काही महिन्यांच्या आत दिले आणि मतदाराला ते पटले नसते तर जागा गेली असती.

शेजारच्या पेडणे या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात वेगळे घडले. मनोहर (बाबू) आजगावकर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे निवडून आले होते. विधानसभेत मगोचे तीन आमदार होते. २७ मार्च २०१९ च्या रात्री आजगावकर आणि सावर्डेचे दीपक पाऊसकर या दोघांनी विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. सुदिन ढवळीकर तेवढे मागे राहिले. तिघांपैकी दोघे म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. त्यानंतर आजगावकर उपमुख्यमंत्री झाले. येथे राजीनामा नव्हता, पोटनिवडणूक नव्हती. पेडण्याच्या मतदाराने ज्या चिन्हावर मत दिले, ते चिन्ह एका रात्रीत बदलले आणि त्याला याबाबत विचारण्याची कायद्याला गरज वाटली नाही.

तिघांपैकी एकटा बाहेर पडला असता तर तो दोषी ठरला असता. दोघे बाहेर पडले म्हणून कोणीच दोषी नाही. कायद्याचे हे गणित सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटत नाही आणि वैतागाचे एक मूळ येथे आहे.

डिचोली : उत्तर केव्हा?

याच सूत्राचा मोठा प्रयोग १० जुलै २०१९ रोजी झाला. विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर यांच्यासह काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केल्याचे जाहीर केले. पुन्हा एकदा बरोबर दोन तृतीयांश. कवळेकर उपमुख्यमंत्री झाले. या दहा जणांविरुद्ध काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष गिरीश चोडणकर यांनी, तर मगोच्या दोघांविरुद्ध ढवळीकर यांनी सभापतींकडे अपात्रता याचिका दाखल केल्या.

दहाव्या अनुसूचीनुसार अशा याचिकेचा निवाडा सभापती करतात. त्या वेळी सभापती होते डिचोलीचे आमदार राजेश पाटणेकर. ते स्वतः सत्ताधारी भाजपच्या उमेदवारीवर निवडून आलेले होते. यात त्यांचा व्यक्तिगत दोष नाही, कारण सभापती बहुधा सत्तारूढ पक्षाचाच असतो. दोष रचनेत आहे. ज्या पक्षाच्या बहुमतावर सभापतिपद अवलंबून असते, त्याच पक्षाच्या बहुमताला धक्का देऊ शकणारा निवाडा सभापतीने द्यावा, अशी ही रचना आहे. १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही रचना ग्राह्य ठरवली, पण सभापतींचा निर्णय न्यायालयीन तपासणीला पात्र राहील, असेही सांगितले. त्याच प्रकरणातील अल्पमताच्या न्यायाधीशांनी सभापतीच्या तटस्थतेविषयी शंका नोंदवली होती.

अनुसूचीत निवाड्यासाठी मुदत दिलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अपवादात्मक परिस्थिती नसल्यास सभापतींनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा आणि हे काम स्वतंत्र लवादाकडे सोपवण्याचा संसदेने विचार करावा. गोव्यातील याचिकांचा निकाल २० एप्रिल २०२१ रोजी लागला. म्हणजे घटनेनंतर एकवीस महिन्यांनी. सभापतींनी याचिका फेटाळल्या. त्याविरुद्ध प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले. मूळ पक्षाचे विलीनीकरण झालेले नसताना केवळ आमदारांनी स्वतःचे विलीनीकरण जाहीर करणे पुरेसे नाही, असा याचिकादारांचा युक्तिवाद होता. दोन तृतीयांश आमदारांची संमती असल्यास विलीनीकरण झाल्याचे मानले जाते, असा अर्थ न्यायालयाने स्वीकारला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी याचिका फेटाळली. तोपर्यंत १४ फेब्रुवारीला नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन गेले होते.

येथे 'केव्हापर्यंत' या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कळते. निकाल याचिकादारांच्या बाजूने लागला असता, तरी त्याचा व्यावहारिक उपयोग फारसा उरला नसता, कारण विधानसभेची मुदत संपत आली होती. उशिरा मिळालेले उत्तर अनेकदा उत्तर नसल्यासारखेच असते. जुलै २०२५ मध्ये तेलंगणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभापतींना तीन महिन्यांत निर्णय घेण्याचा आदेश दिला आणि सध्याच्या पद्धतीचा फेरविचार करण्याची संसदेला पुन्हा आठवण करून दिली. अनुसूचीत मात्र मुदतीची तरतूद अद्याप आलेली नाही.

मतदाराने आपल्या परीने उत्तर मागितले. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या पाहणीनुसार २०१७ ते २०२२ या काळात ४० आमदारांच्या सभागृहातील २४ जणांनी पक्ष बदलला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये जवळजवळ ८० टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये विलीनीकरण करणाऱ्या बारा जणांपैकी तिघेच पुन्हा निवडून आले. गोव्याचा मतदार उदासीन आहे, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पाटणेकर यांचाही पराभव झाला. डिचोलीने डॉ. चंद्रकांत शेट्ये या अपक्षाला निवडले आणि निकालानंतर लगेच त्यांनी भाजप सरकारला पाठिंबा दिला. अपक्ष आमदाराने पाठिंबा कोणाला द्यावा, यावर कायद्याचे बंधन नाही.

मुरगाव : शपथ आणि कायदा

२०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने एक वेगळा उपाय योजला. २२ जानेवारी २०२२ रोजी पक्षाच्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा हमजा शाह दर्गा येथे नेण्यात आले. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ तेथे घेण्यात आली. पुढे प्रतिज्ञापत्रेही करून घेण्यात आली.

मुरगाव मतदारसंघात काँग्रेसचे संकल्प आमोणकर यांनी तत्कालीन आमदार मिलिंद नाईक यांचा पराभव केला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्यांत आमोणकर होते, तसेच माजी मुख्यमंत्री दिगंबर कामतही होते. मडगावात कामत यांनी भाजपचे उमेदवार म्हणून उभ्या राहिलेल्या त्याच बाबू आजगावकर यांना हरवले होते. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश होतात, म्हणून आठ जण लागले. आठच गेले. कामत यांनी आपण पुन्हा देवाला विचारून निर्णय घेतल्याचे जाहीरपणे सांगितले.

याविरुद्धच्या अपात्रता याचिका २०२४ मध्ये सभापती रमेश तवडकर यांनी फेटाळल्या, म्हणजे या वेळीही निवाड्याला सुमारे दोन वर्षे लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये कामत आणि तवडकर या दोघांनी एकाच दिवशी मंत्रिपदाची शपथ घेतली. सभापती हा सक्रिय राजकारणातला माणूस असतो आणि त्याच्यासमोर पुढची पदे असतात, ही वस्तुस्थिती या घटनेतून पुरेशी स्पष्ट होते.

मंदिर, क्रूस आणि दर्गा येथे घेतलेल्या शपथेचा विषय श्रद्धेच्या अंगाने नाजूक आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इस्लामी परंपरेत हलफ मोडणे हे गंभीर मानले जाते आणि त्यासाठी कफ्फारा सांगितला आहे. तथापि, तो बंदा आणि खुदा यांच्यातील मामला आहे. मताचा मामला आमदार आणि मतदार यांच्यातील आहे आणि त्याचा हिशेब याच जगात, ठरलेल्या मुदतीत व्हायला हवा. जो हिशेब कायद्याने घ्यायचा तो श्रद्धेवर सोपवला, तर कायदा दुबळा होतो आणि श्रद्धेचाही अवमान होतो.

पक्षांतर का परवडते?

पक्ष सोडताना बहुतेक आमदार एकच कारण देतात : मतदारसंघाचा विकास. विरोधी बाकांवर बसून कामे होत नाहीत, असे ते सांगतात. हे कारण सरसकट खोटे म्हणून बाजूला सारता येणार नाही. गोव्यात रस्ता, नळजोडणी, सरकारी नोकरी, परवाना अशा अनेक गोष्टींसाठी नागरिक थेट आमदाराच्या दारी जातो. हक्काने मिळायच्या गोष्टी मेहेरबानीने मिळतात. मग जो आमदार काम करून देतो तो चांगला ठरतो आणि काम करून देण्यासाठी त्याला सत्तेत असावे लागते. नागरिक उपकृत होतो आणि उपकृत माणूस हिशेब मागत नाही. लहान मतदारसंघातील जवळीक जवाबदेहीला पूरक न ठरता मारक ठरते, ती यामुळे.

दुसरे कारण पदांचे आहे. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर मर्यादित केली, परंतु लहान राज्यांसाठी किमान १२ मंत्र्यांची मुभा ठेवली. गोव्यात ४० पैकी १२, म्हणजे ३० टक्के आमदार मंत्री होऊ शकतात. शिवाय महामंडळांची अध्यक्षपदे असतातच.

याचा अर्थ असा की, पक्षांतराचा प्रश्न केवळ नेत्यांच्या नीतिमत्तेचा नाही. सेवा मिळण्याची रीत बदलली नाही, तोवर पक्षांतराला मिळणारे बक्षीसही बदलणार नाही.

खाण, बंदर आणि लोकायुक्त

पक्षांतराव्यतिरिक्तही जवाबदेहीची साखळी कोठे तुटते, हे या परिसरात पाहायला मिळते. डिचोली तालुक्यातील शिरगाव, मुळगाव, मये या भागांतील लोहखनिज बार्जमधून मांडवी नदीमार्गे मुरगाव बंदरात जात असे. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि राज्यातील खाणकाम थांबले. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती व त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले आणि सरकारच्या घाईवर ताशेरे ओढले. या दहा-अकरा वर्षांत किमान तीन सरकारे आली. ट्रकमालक, बार्जमालक आणि खाण कामगार यांनी कर्जाचे हप्ते आणि गेलेला रोजगार या रूपाने किंमत मोजली. निर्णय घेणाऱ्यांपैकी मात्र फारच थोड्यांना उत्तर द्यावे लागले.

मुरगाव बंदरातील कोळशाचा प्रश्न 'उत्तर कोणी द्यायचे' या पहिल्या घटकाचा आहे. २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत बंदराच्या विस्तार प्रकल्पांवर वास्कोत जनसुनावण्या झाल्या आणि नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती मांडल्या. पण बंदर केंद्राच्या अखत्यारीत, प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचे आणि शहराची स्वच्छता पालिकेकडे. घराच्या ओट्यावर साचलेल्या काळ्या धुळीची तक्रार घेऊन नागरिक एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला दुसऱ्याचे दार दाखवले जाते.

अशा वेळी दाद मागण्यासाठी लोकायुक्त ही संस्था आहे. गोवा लोकायुक्त अधिनियम २०११ चा. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांनी मार्च २०१३ मध्ये पद स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ पद रिक्त होते. न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा हे २०१६ ते सप्टेंबर २०२० या काळात लोकायुक्त होते. त्यांनी लोकसेवकांविरुद्ध २१ अहवाल सरकारला दिले. निवृत्तीनंतर त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले की, यांपैकी एकाही अहवालावर कारवाई झाली नाही. हीच स्थिती राहणार असेल तर ही संस्था बंद केलेली बरी, असेही त्यांचे मत होते. लोकायुक्त चौकशी करतात, शिफारस करतात. अंमल सरकारच्या हाती असतो. म्हणजे चौथा प्रश्न, 'उत्तर न दिल्यास काय', येथे अनुत्तरित राहतो.

अमानतीची कल्पना

सत्ता ही मालकी नसून अमानत आहे, हा विचार इस्लामी परंपरेत मूलभूत मानला जातो. सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना सोपवण्याचा आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने वागण्याचा आदेश आहे. अमानतीचा अर्थच असा की, ठेव ठेवणारा तिचा हिशेब केव्हाही मागू शकतो. खलिफा हजरत उमर यांच्याविषयी एक प्रसिद्ध वृत्तांत सांगितला जातो. वाटून दिलेल्या कापडात एवढा मोठा अंगरखा होत नाही, मग तुमचा कसा झाला, असे एका सामान्य माणसाने त्यांना भर सभेत विचारले. हजरत उमर यांचे पुत्र अब्दुल्लाह यांनी उठून सांगितले की, आपल्या वाट्याचे कापड आपण वडिलांना दिले. खुलासा झाल्यावरच पुढचे बोलणे झाले.

हा वृत्तांत आपण बहुधा खलिफांच्या साधेपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. तो विचारणाऱ्याच्याही बाजूने वाचला पाहिजे. त्या माणसाने 'सगळे सारखेच' असे म्हटले नाही. त्याने एका कापडाविषयी, एका माणसाला, समोरासमोर प्रश्न केला. प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तरही नेमके आले.

अध्यापकांसाठी काही सूचना

कम्युनिटी कॉलेजमध्ये येणारा विद्यार्थी अनेकदा घरातला पहिलाच शिकणारा असतो. सरकारी कार्यालयाशी घराचा व्यवहार त्याच्यामार्फतच होतो. त्यामुळे जवाबदेहीचा पाठ त्याच्यासाठी पुस्तकी राहत नाही.

१) विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील एकच तक्रार निवडावी : तुंबलेले गटार, बंद पथदीप, रखडलेला दाखला. तिच्यासमोर वर सांगितलेले चार प्रश्न लिहून उत्तरे शोधावीत. कोणते कार्यालय, कोणता अधिकारी, कोणती मुदत, अपील कोठे, हे शोधतानाच बराचसा वैताग नेमक्या प्रश्नात बदलतो.

२) माहितीचा अधिकार प्रत्यक्ष वापरून पाहावा. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता आणि २००५ पासून केंद्रीय कायदा लागू आहे. सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते, न दिल्यास पहिले व दुसरे अपील करता येते आणि माहिती अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. चारही प्रश्नांची उत्तरे एकाच कायद्यात मिळण्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. तो प्रभावी का ठरला, याचे कारणही हेच.

३) ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी ग्रामसभेला हजर राहून इतिवृत्त लिहावे. गोवा पंचायत राज अधिनियम १९९४ नुसार वर्षातून किमान चार साधारण ग्रामसभा होतात. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्धचे आंदोलन उभे राहिले त्यात गावोगावच्या जागृतीचा मोठा वाटा होता आणि २००७ च्या सुरुवातीस सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरणही रद्द करण्याची घोषणा झाली. या दोन्ही वेळी मागणी नेमकी होती.

४) वर्गात पक्षीय चर्चा टाळावी, पण पक्षांतराची चर्चा टाळू नये. मांद्रे आणि पेडणे ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून, मतदाराला पुन्हा विचारले गेले का, एवढाच प्रश्न विचारावा. पक्ष कोणता, हे महत्त्वाचे नाही. गोव्यात बहुतेक सर्व प्रमुख पक्षांनी वेगवेगळ्या काळी पक्षांतराचा लाभ घेतला आहे.

समारोप

गोव्यातील मतदार मतदान करतो, पक्ष बदलणाऱ्याला पाडतो, जनसुनावणीला रांग लावतो, तरीही त्याला आपले ऐकले जात नाही असे वाटते. याचे कारण त्याच्या उत्साहात शोधू नये. सभापतींच्या निवाड्याला मुदत नाही, विलीनीकरणाला मतदाराची संमती लागत नाही, लोकायुक्तांच्या अहवालाला अंमलाची सक्ती नाही आणि हक्काची सेवा मेहेरबानी म्हणून मिळते. साखळीच्या या चार कड्या कच्च्या आहेत. त्या पक्क्या करण्याचे काम संसदेचे व विधानसभेचे आहे, आणि ते करून घेण्याचा आग्रह धरणे हे नागरिकांचे काम आहे.

हा आग्रह धरण्यासाठी नागरिकाला प्रश्न विचारता आला पाहिजे. तो कोणाला, कशाबद्दल आणि केव्हापर्यंत, हे त्याला ठाऊक हवे. 'सगळे सारखेच' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापकाने गप्प करू नये. 'कोण, आणि कशात?' एवढे त्याला विचारावे. जवाबदेहीचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.